फाईल कोणाच्या नावावर? दवाखान्यातील संगणक आणि परवानग्यांचे दुखणे

डॉक्टरांच्या स्मरणिकेत मधुमेह, रक्तदाब, हाडांची झीज या विषयांवरील लेख वाचण्याची आपणां सर्वांना सवय आहे. प्रस्तुत लेखातील रुग्ण मात्र माणूस नसून संगणकातील एक फाईल आहे. विषय आपल्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु याच फाईलच्या आजारापायी माझ्या दवाखान्यात एका बाईंना नको ते औषध दिले जाण्याचा प्रसंग थोडक्यात टळला. तेव्हापासून या विषयाचा मी जमेल तसा अभ्यास करीत आलो आहे. संगणकशास्त्राचा मी पदवीधर नाही. तेव्हा जे समजले, ते वैद्याच्या भाषेतच मांडतो.

२०१० साली दवाखान्यातला जुना संगणक बदलला. जुन्यावर विंडोज एक्सपी होती आणि आम्ही सारे एकाच खात्यातून काम करीत असू. नव्यावर विंडोज ७ आली. संगणक बसवून देणाऱ्या मुलाने योग्य तेच केले. तीन खाती उघडली. एक ॲडमिनिस्ट्रेटरचे, ज्याचा पासवर्ड फक्त माझ्यापाशी; दुसरे माझ्या रोजच्या कामाचे; आणि तिसरे आमच्या कंपाउंडरकाकांचे. रुग्णांच्या नोंदींचे सॉफ्टवेअर जुनेच होते. ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून त्याची सीडी चालवून ते बसवले, जुनी नोंदींची फाईल नव्या संगणकावर तिच्या जागी आणून ठेवली, दोन्ही खात्यांतून उघडून पाहिले. सर्व नोंदी जशाच्या तशा दिसल्या. मुलगा चहा घेऊन गेला.

पुढचे चार महिने आमच्या दवाखान्यात एक बारीकशी कुरबुर चालू होती, तिला मी महत्त्व दिले नाही. सकाळी काका आपल्या खात्यातून नवीन रुग्णाचे नाव, वय, वजन, फी यांची नोंद करीत. मी केसपेपरवर लिहीत असे आणि रात्री सवडीने माझ्या खात्यातून महत्त्वाच्या गोष्टी संगणकावर चढवीत असे. कधी एखाद्या नव्या रुग्णाचे नाव सापडत नसे. काकांची नोंद राहून गेली असेल, असे समजून मी ते स्वतःच घाली. उलट मी लिहिलेला तपशील काकांना दिसला नाही, की डॉक्टरसाहेबांनी ‘सेव्ह’ केले नसेल, असे समजून ते गप्प बसत. दोघांच्याही मनात दुसऱ्याच्या निष्काळजीपणाची एक छोटी यादी वाढत होती.

मग एका लग्नासाठी मी तीन दिवस परगावी गेलो. माझ्या जागी एक तरुण डॉक्टर बसले. मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाची तक्रार घेऊन आलेल्या एका बाईंची नोंद त्यांनी काकांच्या खात्यातून पाहिली. ॲलर्जीचा रकाना कोरा. त्यांनी को-ट्रायमोक्साझोल लिहिले. बाईंनी चिठ्ठी हातात घेताना सहज विचारले, “ही सल्फाची गोळी तर नाही ना? मागे माझ्या अंगभर पुरळ उठलं होतं. डॉक्टरांनी कॉम्प्युटरमध्ये लिहून घेतलंय की.” बाई सावध होत्या म्हणून निभावले. सल्फाची प्रतिक्रिया दुसऱ्या खेपेस पुरळावरच थांबेल याची हमी कोणी द्यावी? त्वचा सोलून निघालेला रुग्ण ज्यांनी एकदा पाहिला आहे, त्यांना अधिक सांगणे नको.

परत आल्यावर मी काकांना बोललो. “काका, मी स्वतः घातलेली नोंद गेली कुठे?” ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, मी पुसलेली नाही. मला पुसता येतसुद्धा नाही.” बावीस वर्षे माझ्याकडे असलेला हा माणूस, त्याच्यावर माझा आवाज चढला, आणि दवाखान्यात रुग्ण बसलेले होते. दोन दिवस आम्ही कामापुरतेच बोललो. तिसऱ्या दिवशी त्यांनीच आग्रह धरला, की तुमच्या खात्यातून उघडून दाखवा. उघडले. ॲलर्जीच्या रकान्यात ‘सल्फा’ हा शब्द माझ्या हाताने लिहिलेला तसाच होता. तिथल्या तिथे त्यांच्या खात्यातून उघडले, रकाना कोरा. संगणक एक, सॉफ्टवेअर एक, नोंदींची फाईल एक, आणि रुग्णाचा इतिहास दोन!

एका डॉक्टरमित्राचा अभियांत्रिकीत शिकणारा मुलगा येऊन बसला. त्याने सॉफ्टवेअरला हातही लावला नाही. सी ड्राइव्हमधील ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरात जाऊन त्याने नोंदींच्या फाईलची शेवटच्या बदलाची तारीख दाखवली. ती तारीख संगणक बसवला त्या दिवसाची होती. म्हणजे ज्या फाईलमध्ये आम्ही चार महिने लिहीत होतो असे समजत होतो, तिच्यात एक अक्षरही पडलेले नव्हते. आणि दर शनिवारी इमानेइतबारे पेनड्राइव्हवर मी तिचीच प्रत उतरवून घेत होतो.

सावलीची फाईल

हे कसे घडले ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. एका संगणकावर अनेक जण काम करतात, तेव्हा कोणी काय वाचावे, कोणी लिहावे, कोणी चालवावे याचे नियम असावेत, ही कल्पना १९६० च्या दशकातील मोठ्या सामायिक संगणकांपासूनची. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली आपल्या प्रसिद्ध निबंधात जी तत्त्वे मांडली, त्यांतले एक आजही प्रमाण मानले जाते: प्रत्येक प्रोग्रॅमने व प्रत्येक वापरकर्त्याने आपले काम पार पडण्यास लागतील तेवढ्याच, कमीत कमी अधिकारांवर काम करावे. आपल्याकडे औषधांच्या कपाटाची किल्ली सर्वांकडे नसते, आणि मॉर्फिनच्या कप्प्याची तर एकाकडेच असते, तोच विचार.

घरोघरी आलेला संगणक मात्र या शिस्तीत वाढला नाही. १९८१ साली आलेल्या डॉसमध्ये, तसेच पुढे विंडोज ९५ आणि ९८ मध्ये फाईलवर मालकाचे नाव नव्हते. जो कीबोर्डपुढे बसला तो मालक. १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीमध्ये एनटीएफएस या फाईलव्यवस्थेबरोबर प्रत्येक फाईलला परवानग्यांची यादी जोडण्याची सोय झाली, पण ती कचेऱ्यांपुरती राहिली. २००१ मध्ये एक्सपीने दोन्ही प्रवाह एकत्र आणले. कुलपे घरात आली. परंतु एक्सपी बसवताना निर्माण होणारी खाती ॲडमिनिस्ट्रेटरचीच असत, त्यामुळे सर्वांच्या खिशात सर्व किल्ल्या होत्या. परिणाम असा, की या वीस वर्षांत छोटी सॉफ्टवेअर लिहिणारी एक पिढी कुलूप नसलेल्या घरात लहानाची मोठी झाली. प्रोग्रॅम ज्या फोल्डरात, त्याच फोल्डरात त्याची माहितीही ठेवावी, ही त्यांची रीत होती. दवाखान्याचे, औषधदुकानाचे, शाळेच्या फीचे, मंडळाच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर, सारे याच घडणीचे.

जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा बाजारात आली आणि किल्ल्या काढून घेतल्या गेल्या. ॲडमिनिस्ट्रेटरसुद्धा रोजच्या कामात सामान्य वापरकर्त्यासारखा वागू लागला. अधिकाराचे काम आले की पडदा मंद होऊन ‘परवानगी आहे का?’ असे विचारले जाऊ लागले. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये सामान्य खात्याने लिहिणे बंद झाले. हे वैद्यकीयदृष्ट्या, म्हणजे संसर्ग रोखण्याच्या दृष्टीने, योग्यच होते. पण मग जुन्या रीतीची हजारो सॉफ्टवेअर एका रात्रीत बंद पडली असती. त्यावर मायक्रोसॉफ्टने एक तोड काढली. जुन्या धाटणीचा प्रोग्रॅम अशा बंद जागी लिहू लागला, तर त्याला नकार द्यायचा नाही. त्या फाईलची एक प्रत त्या वापरकर्त्याच्या खासगी जागेत, ‘ॲपडेटा’ या लपलेल्या फोल्डराच्या पोटातील ‘व्हर्च्युअल स्टोअर’मध्ये, निमूटपणे करायची आणि पुढचे लिहिणे-वाचणे तिथे वळवायचे. प्रोग्रॅमला वाटते आपण मूळ फाईलमध्येच लिहीत आहोत. वापरकर्त्यालाही तसेच वाटते.

एकटा माणूस एकाच खात्यातून काम करीत असेल, तर या सौजन्याने त्याचे काही बिघडत नाही. दोन खाती आली की पहिल्या लिखाणाच्या क्षणी फाईलला दोन फाटे फुटतात. माझी सावली माझ्याकडे, काकांची काकांकडे, आणि मूळ फाईल जन्मदिवशी होती तशीच. ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने तोच प्रोग्रॅम उघडला, की तिसरेच, चार महिन्यांपूर्वीचे चित्र दिसते, कारण त्याला सावली लागत नाही; तो मूळ फाईल पाहतो.

हा दोष कोणाचा? मला विचाराल तर बसवणाऱ्या मुलाचा नाही, काकांचा तर नाहीच नाही. दोष इन्स्टॉलरचा, म्हणजे सॉफ्टवेअर संगणकावर बसवून देणाऱ्या त्या छोट्या प्रोग्रॅमचा. त्याच्या हाती त्या दहा मिनिटांपुरते सर्व अधिकार असतात. माहितीसाठी वेगळे फोल्डर करून, ज्यांना तिथे लिहायचे आहे त्यांना परवानगी देऊन मगच बाहेर पडणे हे त्याचे काम. शस्त्रक्रिया उत्तम झाली, पण ‘ड्रेसिंग कोणी बदलायचे’ हे केसपेपरवर न लिहिताच शल्यविशारद घरी गेले, तसा हा प्रकार.

वेदना होणे बरे

आज बहुतेक नवी सॉफ्टवेअर या सावलीच्या खेळात सापडत नाहीत. ६४-बिटचे प्रोग्रॅम त्यातून वगळलेले आहेत, आणि ३२-बिटचा जो प्रोग्रॅम आपल्याला कोणत्या पातळीचे अधिकार लागतात हे स्वतःच जाहीर करतो, त्यालाही सावली मिळत नाही. त्यांना सरळ नकार मिळतो: ‘ॲक्सेस डिनाइड’, किंवा फाईल केवळ वाचण्यासाठी उघडली आहे, असा निरोप. आपण चिडतो, विक्रेत्याला फोन करतो. पण माझे मत आता असे झाले आहे, की हा नकार म्हणजे वेदना आहे आणि वेदना हे वरदान आहे. मधुमेहाच्या रुग्णाला पायात घुसलेला खिळा समजत नाही, तो चालत राहतो, आणि आपल्याकडे येतो तेव्हा जखम हाडापर्यंत गेलेली असते. सावलीची फाईल हा संगणकाचा असाच बधिर पाय आहे. जुने ३२-बिट सॉफ्टवेअर विंडोज १० किंवा ११ वर अजून चालवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, कारण ही सोय तिथेही शिल्लक आहे.

नकाराचेही प्रकार आहेत. त्यातला एक आपल्या व्यवसायबंधूंना वारंवार छळतो, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. काही इन्स्टॉलर माहितीसाठी ‘प्रोग्रॅमडेटा’ हे सामायिक फोल्डर वापरतात. जागा योग्य आहे. पण तिथला मूळ नियम असा, की कोणीही नवी फाईल निर्माण करू शकतो, निर्माण करणाऱ्याला तिच्यावर पूर्ण अधिकार मिळतो, आणि इतरांना ती फक्त वाचता येते. इन्स्टॉलरने हा नियम बदलला नाही आणि नोंदींची फाईल पहिल्या वापराच्या वेळी निर्माण होणारी असली, तर सकाळी ज्याने पहिल्यांदा प्रोग्रॅम उघडला तो कायमचा मालक ठरतो. रिसेप्शनवरील मुलीने उघडला तर डॉक्टरांना लिहिता येत नाही; डॉक्टरांनी उघडला तर तिला. विक्रेता दूरध्वनीवरून सांगतो, “आमच्याकडे तर चालतंय.” त्याच्याकडे चालणारच, तो एकटा आहे आणि ॲडमिनिस्ट्रेटर आहे.

दुसरी गंमत पासवर्डची. काकांच्या खात्यात बसून इन्स्टॉलर चालवला, मध्येच ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितला गेला, मी येऊन तो टाकला. त्या क्षणापासून इन्स्टॉलरच्या लेखी ‘चालू वापरकर्ता’ म्हणजे काका नव्हेत, ॲडमिनिस्ट्रेटर! ‘चालू वापरकर्त्या’साठी म्हणून तो जे मांडतो, ते प्रिंटरचे माप, दवाखान्याचा मथळा, डेस्कटॉपवरचे चिन्ह, सारे ॲडमिनिस्ट्रेटरच्या घरात मांडले जाते. काका समोर बसून विचारतात, बसवले ते गेले कुठे?

फाईलला माणसाचे नाव नव्हे, एक क्रमांक जोडलेला असतो, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. आपल्या शहरातील एका मंडळाच्या कचेरीत संगणक बिघडला, विंडोज नव्याने बसवली, आणि वापरकर्त्याचे नाव पूर्वीचेच ठेवले. तरीही दुसऱ्या डिस्कवरची, जुन्या खात्याच्या खासगी फोल्डरातली हिशेबाची फाईल उघडेना. खजिनदारांची समजूत अशी, की नाव तेच म्हणजे माणूस तोच. संगणकाच्या लेखी जुन्या खात्याचा क्रमांक वेगळा, नव्याचा वेगळा. नामसाधर्म्य असलेले दोन रुग्ण आणि त्यांचे वेगळे नोंदणी क्रमांक, तसेच ते. मालकाच्या जागी ‘एस’ अक्षराने सुरू होणारा एक लांबलचक आकडा दिसत होता. ज्या खात्याचा तो होता ते खातेच आता अस्तित्वात नव्हते. ॲडमिनिस्ट्रेटरला अशा बेवारस फाईलची मालकी स्वतःकडे घेता येते, तशी ती घेतली आणि वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी ताळेबंद छापून निघाला.

थोरामोठ्यांच्या घरीही

या चुका फक्त गल्लीतल्या सॉफ्टवेअरच्या नव्हेत. नोव्हेंबर २००१ मध्ये ॲपलने आयट्यून्स २ चा मॅकसाठीचा इन्स्टॉलर प्रसिद्ध केला. जुनी आवृत्ती पुसताना डिस्कच्या नावाभोवती अवतरणचिन्हे घालण्याचे राहून गेले होते. ज्यांच्या डिस्कच्या नावात मोकळी जागा होती, त्यांच्यापैकी काहींचा संपूर्ण माहितीसाठा त्या इन्स्टॉलरने पुसून टाकला. ॲपलने तो तातडीने मागे घेऊन सुधारित आवृत्ती दिली. एका अवतरणचिन्हाने एवढा अनर्थ व्हावा, हे दशांशचिन्ह चुकल्याने दहापट गेलेल्या डोसइतकेच आपल्या परिचयाचे आहे. आणि डोस चुकला तरी हातात अधिकार मर्यादित असते, तर नुकसानही मर्यादित राहिले असते, हा मुद्दा निराळाच.

याच मॅकवर पुष्कळ वर्षे ‘परवानग्या दुरुस्त करा’ अशी एक सोय होती. इन्स्टॉलर बसवताना एक पावती ठेवीत असे. कोणत्या फाईलवर मूळ परवानग्या काय होत्या, याची ती यादी. सोय त्या पावतीशी ताडून बिघडलेल्या परवानग्या पूर्ववत करी. काहीही दुखले की हा काढा घ्यावा, असा लोकांचा परिपाठ पडला होता. २०१५ च्या आवृत्तीत ॲपलने यंत्रणेच्या फाईल्सना हात लावण्याचा अधिकारच इन्स्टॉलरांकडून काढून घेतला आणि ती सोय बंद केली. रोगाचे मूळ गेले, काढाही गेला.

लिनक्सची पद्धत तर आपल्याला फार लवकर समजावी. तिथे प्रत्येक फाईलसाठी तिघांचा विचार होतो: मालक, त्याचा गट, आणि उरलेले जग. म्हणजे उपचार करणारा डॉक्टर, वॉर्डातील कर्मचारी, आणि बाहेरची मंडळी. वाचण्याला ४, लिहिण्याला २, चालवण्याला १ असे गुण; बेरीज करून तीन आकडे लिहायचे. ६४४ म्हणजे मालकाने वाचावे-लिहावे, बाकीच्यांनी फक्त वाचावे. ७७७ म्हणजे सर्वांना सर्व काही. अडचणीत सापडलेला माणूस ७७७ लिहून मोकळा होतो. आपल्याकडचे तापावर स्टेरॉइड म्हणा ना. ताप उतरतो, आणि रोग कुठला होता हे कोणालाच कळत नाही.

तिथला एक प्रसंग फेब्रुवारी २०१८ चा. एनपीएम हे जगभरचे प्रोग्रॅमर वापरतात असे, दुसरी सॉफ्टवेअर आणून बसवणारे साधन आहे. त्याची ५.७.० ही आवृत्ती लिनक्सवर सर्वाधिकार देऊन चालवली असता, यंत्रणेच्या महत्त्वाच्या फोल्डरांची मालकीच बदलून टाकीत होती. कित्येकांचे सर्व्हर त्यामुळे निकामी झाले. दुसऱ्याच दिवशी दुरुस्त आवृत्ती निघाली. विशेष हे, की त्यात एकही फाईल पुसली गेली नव्हती. प्रत्येक फाईल जागेवर, प्रत्येक अक्षर शाबूत. फक्त मालकाचे नाव चुकलेले. तेवढ्याने यंत्र मेले.

चुकीचे उपचार, बरोबर उपचार

दवाखान्यात अशी तक्रार उद्भवली की तीन घरगुती उपाय हमखास सुचवले जातात. पहिला, सर्वांनी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच काम करावे. दुसरा, ते मंद पडद्याचे विचारणे कायमचे बंद करावे. तिसरा, संपूर्ण फोल्डरवर ‘एव्हरीवन’ म्हणजे सर्वांना ‘फुल कंट्रोल’ द्यावा. तिन्हींनी आराम पडतो, हे कबूल केले पाहिजे. म्हणूनच ते धोक्याचे.

पहिल्याचा धोका उघड आहे. खंडणीखोर सॉफ्टवेअर संगणकात शिरते तेव्हा साधारणपणे ते ज्याच्या खात्यातून शिरले, त्याच्या अधिकारांनी वावरते. त्या खात्याला जिथे लिहिता येते, तिथल्या फाईल्स ते कुलूपबंद करते. ते खाते ॲडमिनिस्ट्रेटरचे असेल तर सारे घरच त्याच्या ताब्यात जाते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या संगणकयंत्रणेवर अशा प्रकारचा हल्ला झाला आणि कित्येक दिवस नोंदणीपासून अहवालांपर्यंतची कामे हाताने करावी लागली. एवढ्या मोठ्या संस्थेने हाताने काम निभावले. आपल्या छोट्या दवाखान्यात कागदी केसपेपर तरी आता उरला आहे का?

दुसऱ्या उपायाचा परिणाम ज्यांनी अनुभवला, त्यांना घाम फुटलेला असतो. ते विचारणे पूर्णपणे बंद केले की सावलीची सोयही बंद होते. मग प्रोग्रॅम मूळ फाईल उघडतो, आणि पडद्यावर कित्येक महिन्यांपूर्वीच्या नोंदी येतात. सगळे पुसले गेले असे समजून लोक सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवतात, कुणी तर डिस्कच नव्याने फॉरमॅट करतात. आणि तोपर्यंत लपलेल्या फोल्डरात सुखरूप असलेल्या सावल्या तेव्हा खरोखर नष्ट होतात.

तिसऱ्यात खोच अशी, की त्या फोल्डरात केवळ नोंदी नसतात, प्रोग्रॅम स्वतःही असतो. त्याच्यावर सर्वांना लिहिता येणे म्हणजे कोणालाही त्या प्रोग्रॅमच्या जागी दुसराच ठेवता येणे. उद्या ॲडमिनिस्ट्रेटर तो उघडील, तेव्हा तो बदललेला प्रोग्रॅम सर्व अधिकारांनिशी चालेल. सलाईनच्या बाटलीचे झाकण उघडे ठेवण्यासारखेच हे आहे.

बरोबर उपचार फार मोठा नाही. प्रोग्रॅम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्येच राहू द्यावा, तिथे सर्वांना वाचण्या-चालवण्याची परवानगी असतेच. नोंदींची फाईल मात्र स्वतंत्र फोल्डरात असावी. संगणकावर ‘दवाखाना’ अशा नावाचा एक गट करावा, त्यात माझे, काकांचे, मदतनीस डॉक्टरांचे खाते घालावे, आणि त्या एका फोल्डरावर त्या एका गटाला ‘मॉडिफाय’ म्हणजे बदल करण्याची परवानगी द्यावी. ‘फुल कंट्रोल’ नको. त्यात परवानग्या बदलण्याची परवानगीही येते. फोल्डरावर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘सिक्युरिटी’ या पानावर हे करता येते. यानंतर तिथे नव्याने निर्माण होणाऱ्या फाईल्स हा वारसा आपोआप घेतात. एक सावधगिरी: त्याच ड्राइव्हवर दुसरीकडून हलवून आणलेली फाईल आपल्या जुन्या परवानग्या बरोबर घेऊन येते, तर कॉपी करून आणलेली नव्या घराचा वारसा स्वीकारते. म्हणून जुनी नोंदफाईल नव्या फोल्डरात कॉपी करावी, हलवू नये.

नवे सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याला माझे विचारणे आता ठरलेले असते. माहिती नेमक्या कोणत्या फोल्डरात राहते? सामान्य खात्यातून चालते का? दोन सामान्य खात्यांतून आळीपाळीने नोंद करून मला इथेच दाखवाल का? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकांची चलबिचल होते. सोनोग्राफी किंवा ईसीजी यंत्राबरोबर येणाऱ्या संगणकाचे विक्रेते तर ‘ॲडमिनिस्ट्रेटरशिवाय चालणारच नाही’ असे ठामपणे सांगतात. काही वेळा ते खरे असते. तेव्हा निदान त्या संगणकावर इंटरनेट आणि रुग्णांनी आणलेले पेनड्राइव्ह तरी येऊ देऊ नयेत.

निदानासाठी दोन साधने सांगतो. व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये फाईल्सच्या खिडकीच्या वरच्या पट्टीवर ‘कम्पॅटिबिलिटी फाइल्स’ असे बटण आपोआप उमटे. ते दिसले की त्या फोल्डराच्या सावल्या आहेत असे समजावे. आमच्या संगणकावर ते चार महिने उमटलेले होते, आणि दर शनिवारी पेनड्राइव्ह लावताना ते माझ्या डोळ्यांसमोर होते. दुसरे साधन मायक्रोसॉफ्टचेच ‘प्रोसेस मॉनिटर’. कोणत्या प्रोग्रॅमने कोणती फाईल मागितली आणि त्याला काय उत्तर मिळाले, याची ओळ न् ओळ ते टिपते. त्यात ‘ॲक्सेस डिनाइड’ शोधले की दुखरी जागा नेमकी कळते. एक्स-रे म्हणण्यापेक्षा होल्टर म्हणावे असे ते आहे.

कायद्याची बाजूही आहे. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवाव्या लागतात आणि रुग्णाने किंवा अधिकृत व्यक्तीने मागितल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. एकाच रुग्णाच्या दोन भिन्न नोंदी निघाल्या, तर त्यातली कोणती द्यावी? आणि जी दिली नाही तिच्याबद्दल न्यायालयात काय सांगावे? ‘व्हर्च्युअल स्टोअर’चे स्पष्टीकरण न्यायाधीशांना पटवून देण्याची माझी तयारी नाही.

आमच्या दोन सावल्यांचे एकत्रीकरण यंत्राने झाले नाही. काका आणि मी तीन रविवार समोरासमोर बसलो. एका बाजूला त्यांच्या खात्यातून छापलेली यादी, दुसऱ्या बाजूला माझी. नाव वाचायचे, कागदी केसपेपर काढायचा, आणि नव्या जागेतल्या एकाच फाईलमध्ये भरायचे. माझ्या यादीत त्यांनी घातलेले छप्पन्न रुग्ण नव्हते. त्यांच्या यादीत माझ्या हातच्या ॲलर्जीच्या नऊ नोंदी नव्हत्या. पहिल्या रविवारी चहा आल्यावर मी त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, “साहेब, मी पण घरी तुमच्या नावानं बोटं मोडीत होतो.”

त्यानंतर काकांनी एक शंभरपानी वही घातली. दर शनिवारी नोंदफाईलची तारीख आणि तिचा आकार ते तिच्यात लिहीत. आकार मागच्या शनिवारपेक्षा वाढलेला नसला तर दवाखाना उघडण्यापूर्वी मला सांगत. पेनड्राइव्हवरची प्रतही त्याच दिवशी माझ्या घरच्या संगणकावर उघडून पाहिली जाई. २०१९ साली ते निवृत्त झाले. वही दवाखान्यातच आहे; आता रिसेप्शनवर असलेली मुलगी तिच्यात लिहिते, आणि नवीन सॉफ्टवेअर बसले की वरच्या ओळीवर त्या दिवशीची तारीख लाल शाईने घालते.